‘मोबी डिक’मधली पात्रं आणि आदिबंध: तक्ता कुठे मोडतो

प्रश्न थोडक्यात असा आहे. एम.ए.ला हर्मन मेलव्हिलची ‘मोबी डिक’ लागली आहे: मोबी डिक या पांढऱ्या देवमाशानं पाय तोडलेला कप्तान अहाब ‘पीक्वॉड’ हे शिकारी जहाज घेऊन त्याच्या मागे लागतो, त्याची गोष्ट. नोट्समध्ये एक तक्ता दिलाय: अहाब म्हणजे सूडानं पेटलेला शोकांत नायक, इश्माएल म्हणजे साक्षी, स्टारबक म्हणजे सदसद्विवेकबुद्धी, क्वीक्वेग म्हणजे ‘उदात्त रानटी’, पिप म्हणजे शहाणा विदूषक, फेदल्ला म्हणजे सैतान आणि देवमासा म्हणजे निसर्ग किंवा मूर्तिमंत दुष्टपणा. यावर आदिबंधांचं उत्तर उभं राहील का, आणि देवमाशाला खलनायक म्हणायचं की नाही?

ही कादंबरी मी पंचवीसहून अधिक वर्षं शिकवली. पहिली काही वर्षं असाच तक्ता मीही फळ्यावर काढून देत होतो, मुलं उतरवून घेत होती आणि पासही होत होती. एका वर्षी रायगडच्या कोळी घरातल्या एका विद्यार्थिनीनं विचारलं, “सर, देवमासे पकडायचे सोडून कप्तान एकाच्याच मागे लागला, तर मग खलाशांच्या वाट्याचं काय?” माझ्या तक्त्यात या प्रश्नाला जागाच नव्हती. कादंबरीत मात्र आहे आणि भरपूर आहे. तेव्हापासून मी पात्रं वेगळ्या वाटेनं शिकवायला लागलो. तीच वाट इथे सांगतो.

‘आदिबंध’ या शब्दाबद्दल फार लांबण लावत नाही. मराठी समीक्षेत तो मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगच्या कल्पनेसाठी रुळला आहे: माणसाच्या सामूहिक नेणिवेत पिढ्यान् पिढ्या टिकून राहिलेले आणि पुराणकथांत, स्वप्नांत पुन्हा पुन्हा वर येणारे साचे. खुद्द युंगनं ‘मोबी डिक’ला सर्वांत थोर अमेरिकी कादंबरी म्हटलंय, हे उत्तरात एका ओळीत जरूर लिहा. पण मेलव्हिलला साचे कुणी बाहेरून लावायची गरज नव्हती. त्यानं ते स्वतःच, उघडपणे, नावांमधून लावले आहेत. म्हणून मी नावं मराठी बायबलातल्या रूपांत घेतो. अहाब हा इस्राएलचा राजा, ज्याचं रक्त कुत्र्यांनी चाटलं. एलीया हा त्याच्याविरुद्ध उभा राहिलेला संदेष्टा. कादंबरीत तो धक्क्यावरचा एक फाटका माणूस आहे आणि जहाजावर चढण्याआधीच इश्माएल आणि क्वीक्वेग या दोघांना सावध करतो. इश्माएल हा अब्राहामानं घराबाहेर काढलेला दासीपुत्र. राहेल ही मुलांसाठी रडणारी आई. कादंबरीत ते एका जहाजाचं नाव आहे. तीन मेट (कप्तानाच्या हाताखालचे अधिकारी) आणि त्यांच्या हार्पूनवाल्यांची (देवमाशावर भाला फेकणाऱ्यांची) ओळख करून देणाऱ्या दोन्ही प्रकरणांचं नाव आहे ‘सरदार आणि शिलेदार’. म्हणजे साचे पहिल्या तीसेक प्रकरणांतच मांडून झालेत. उरलेल्या शंभर प्रकरणांत त्यांचं काय होतं, ते तुमच्या उत्तरात यायला हवं.

यातलं कळीचं प्रकरण छत्तिसावं. अहाब सगळ्यांना डेकवर बोलावतो, डोलकाठीवर सोन्याचं नाणं ठोकतो आणि सांगतो की ही सफर एका पांढऱ्या देवमाशाला मारण्यासाठी आहे. स्टारबक म्हणतो, मुक्या जनावरावर सूड? त्यानं केवळ आंधळ्या प्रेरणेनं तुम्हाला घाव घातला. मुक्या वस्तूवर असा संतापणं म्हणजे ईश्वरनिंदा वाटते. यावर अहाब उत्तर देतो की डोळ्यांना दिसणारी प्रत्येक वस्तू हा पुठ्ठ्याचा मुखवटा आहे, त्यामागे काहीतरी विचार करणारं दडलंय, आणि माणसाला घाव घालायचाच असेल तर त्या मुखवट्यावर घालावा.

हा संवाद नीट वाचा. एक माणूस म्हणतो, हा प्राणी आहे. दुसरा म्हणतो, हा प्राणी नाही, हे कशाचं तरी रूप आहे. म्हणजे देवमाशाला ‘मूर्तिमंत दुष्टपणा’ अहाब म्हणतो. तुमच्या तक्त्यातली शेवटची ओळ त्याची आहे. जिवंत वस्तूला एका अर्थात कोंबायचं आणि मग त्या अर्थाशी वैर धरायचं, हाच त्याचा आजार आहे. आपण प्रत्येक पात्रासमोर एकेक आदिबंध लिहून वही मिटतो तेव्हा नकळत त्याच्याच पद्धतीनं वाचत असतो. या कादंबरीबद्दल माझं मुख्य म्हणणं एवढंच आहे, बाकी सगळं त्याच्या आधारासाठी.

अहाब स्वतःलाही असंच वाचतो. पाठलागाच्या दुसऱ्या दिवशी तो स्टारबकला सांगतो की अहाब हा कायमचा अहाबच, हे सगळं आधीच ठरलेलं आहे, समुद्र हेलावायला लागण्याच्या अब्जावधी वर्षं आधी आपण दोघांनी याची तालीम केली होती, आणि मी नियतीच्या हुकमाचा ताबेदार आहे. शोकांत नायकाचा वेश त्यानं आपल्या हातानं चढवलाय. त्याच्याशेजारी दोन माणसं ठेवून पाहा. एक आहे शंभराव्या प्रकरणातला इंग्रज कप्तान बूमर. याच देवमाशापायी त्याचा हात गेला. तोही हाडाचा हात लावून फिरतो, अहाबशी हाडाला हाड भिडवून हस्तांदोलन करतो आणि म्हणतो की मला आता पांढरे देवमासे नकोत, एकदा होडी उतरवली तेवढं पुरे झालं. जखम सारखीच, तीही त्याच देवमाशापायी झालेली. दुसरा माणूस कादंबरीबाहेरचा आहे: जॉर्ज पोलार्ड. नॅन्टकेट या अमेरिकी बेटावरच्या ‘एसेक्स’ जहाजाचा तो कप्तान. २० नोव्हेंबर १८२० रोजी पॅसिफिकमध्ये एका स्पर्म देवमाशानं ते जहाज बुडवलं. मेलव्हिलनं त्या घटनेवरून शेवट घेतलाय. पोलार्ड पुढे नॅन्टकेटमध्ये रात्रीचा पहारेकरी म्हणून जगला, आणि कादंबरी छापून झाल्यावर, १८५२ मध्ये, मेलव्हिल त्याला प्रत्यक्ष भेटला. सूड हे जखमेतून आपोआप निघणारं फळ नाही, हे बूमरमुळे कळतं. म्हणून त्याला ‘विनोदी उपपात्र’ म्हणून सोडून देऊ नका.

आणि अहाबचा साचा जिथे तडकतो ते १३२ वं प्रकरण. पाठलागाच्या आदल्या दिवशी हवा इतकी कोवळी आहे की त्याच्या डोळ्यांतून एक थेंब समुद्रात पडतो. अठराव्या वर्षी हार्पून हातात घेतला, चाळीस वर्षं समुद्रावर गेली, त्यातली तीनसुद्धा जमिनीवर गेली नाहीत, पन्नाशीनंतर लग्न केलं आणि दुसऱ्याच दिवशी शिडं उभारली. हे सगळं तो स्टारबकला सांगतो. म्हणतो, जवळ ये, मला माणसाच्या डोळ्यांत पाहू दे. तुझ्या डोळ्यांत मला माझी बायको आणि मूल दिसतंय. स्टारबक घरी परतायची विनवणी करतो. अहाब नजर वळवतो आणि डेकच्या दुसऱ्या बाजूला जाऊन पाण्यात पाहतो. तिथे दुसरे दोन डोळे स्थिरपणे वर बघत असतात. अहाबचा खास हार्पूनवाला फेदल्ला त्याच कठड्यावर वाकलेला असतो. एकाच पानात दोन जोड डोळे. वर्गात हे वाचताना माझा आवाज दर वर्षी खाली यायचा.

आता पहिला मेट स्टारबक. ‘सदसद्विवेकबुद्धी’ हे लेबल त्याला शोभतं, पण त्यानं तो छोटा होतो. नॅन्टकेटचा क्वेकर (शांततावादी ख्रिस्ती पंथाचा), घरी मेरी नावाची बायको आणि लहान मुलगा, बाप आणि भाऊ याच धंद्यात गमावलेले. देवमाशाला न भिणारा माणूस मला माझ्या होडीत नको, असं म्हणणारा हा शूर माणूस. पण मेलव्हिल सुरुवातीलाच सांगून ठेवतो की वारा, लाटा, देवमासे यांच्यापुढे टिकणारं त्याचं धैर्य संतापलेल्या बलाढ्य माणसाच्या भुवयांपुढे टिकणार नाही. त्याची कसोटी लागते १२३ व्या प्रकरणात. अहाब झोपलाय, बाहेर बंदुका टांगल्यात, त्यातल्याच एकीनं अहाबनं याच्यावर नेम धरला होता. एकाला मारलं तर तीसेक माणसं वाचतात आणि मेरी पुन्हा भेटते. स्टारबक बंदूक उचलतो, दारापाशी उभा राहतो आणि ती परत जागेवर ठेवतो. विवेक हरला म्हणायचं की विवेकानंच त्याचा हात धरला? मला आजही वाटतं की दोन्ही वाचनं मजकुरात आहेत, आणि परीक्षेत दोन्ही मांडली तर उत्तर भक्कम होईल.

याच स्टारबकच्या तोंडी माझ्या विद्यार्थिनीचा प्रश्न येतो. तुमचा सूड हाती आला तरी त्यातून पिंपं किती भरणार, आपल्या नॅन्टकेटच्या बाजारात त्याला काही भाव नाही, असं तो अहाबला तोंडावर सुनावतो. देवमाशाच्या धंद्यात कुणालाच पगार नसायचा. तेल विकून आलेल्या नफ्यात प्रत्येकाचा वाटा ठरलेला असायचा. इश्माएलला बिल्डाड हा मालक आधी सातशे सत्त्याहत्तरावा हिस्सा द्यायला निघतो, मग पेलेग हा दुसरा मालक तीनशेवा देतो. क्वीक्वेगचा नेम पाहून त्याला तिथल्या तिथे नव्वदावा मिळतो. मेलव्हिल स्वतः जानेवारी १८४१ मध्ये ‘अकुशनेट’ या जहाजावरून अशाच बोलीवर निघाला होता आणि पुढच्या वर्षी मार्केसास बेटांवर पळून गेला. तेव्हा अहाबचा सूड हा दुसऱ्याच्या भांडवलावर आणि दुसऱ्याच्या मजुरीवर चाललेला सूड आहे. बंडखोर नायकाचा आदिबंध लिहिताना ही बाजू सुटते.

स्टब आणि फ्लास्क या दुसऱ्या आणि तिसऱ्या मेटवर फार जागा खर्च करू नका. स्टबचा पाइप तोंडातून सुटत नाही. फ्लास्कला देवमासा म्हणजे फुगवलेला उंदीर वाटतो. एक बेफिकीर, दुसरा बुद्धीनं ठेंगणा. पण कप्तानाच्या जेवणाच्या टेबलाचं चौतिसावं प्रकरण चुकवू नका. तिथे फ्लास्क सगळ्यांत शेवटी बसतो आणि रीतीप्रमाणे सगळ्यांत आधी उठतो, त्यामुळे बढती मिळाल्यापासून बिचारा पोटभर जेवलेलाच नाही. अधिकाराचा क्रम इतक्या नेमकेपणानं दाखवणारी पानं मी फार कमी वाचली आहेत.

साचा आणि माणूस यांचा खेळ मेलव्हिलनं ९९ व्या प्रकरणात उघड करून दाखवलाय. डोलकाठीवरचं ते इक्वेडोरचं नाणं एकेक जण येऊन वाचतो. त्यावर तीन शिखरं आहेत: एकावर ज्वाला, एकावर बुरूज, एकावर आरवणारा कोंबडा. अहाब म्हणतो, बुरूज म्हणजे अहाब, ज्वालामुखी म्हणजे अहाब, विजयी कोंबडा म्हणजेही अहाबच. स्टारबकला तिथे पवित्र त्रैक्य आणि मृत्यूची दरी दिसते. स्टब राशिचक्र वाचतो. फ्लास्क सोळा डॉलरांत दोन सेंटांच्या किती चिरुटा येतील ते मोजतो, आणि हिशेबही चुकतो: आठशेऐवजी नऊशे साठ म्हणतो. क्वीक्वेग नाणं आपल्या अंगावरच्या गोंदणाशी ताडून पाहतो. शेवटी वेडा ठरलेला पिप येतो आणि शाळेतलं व्याकरण म्हणतो: मी पाहतो, तू पाहतोस, तो पाहतो, आम्ही पाहतो, तुम्ही पाहता, ते पाहतात. तुमच्या उत्तराला एकच उतारा घ्यायचा असेल तर हा घ्या.

क्वीक्वेगला ‘उदात्त रानटी’ म्हणणं अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या युरोपी कल्पनेतून येतं, आणि सुरुवातीला इश्माएल त्याला तसंच पाहतो: आधी भीती, मग कौतुक. पुढे मात्र कादंबरीतली जवळपास प्रत्येक सुटका त्याच्या हातून होते. त्याची नक्कल करणारा एक पोरगा बर्फगार पाण्यात पडतो, त्याला हा वाचवतो. देवमाशाच्या डोक्यात पडून बुडणाऱ्या टॅशटेगो या हार्पूनवाल्याला हाच बाहेर ओढतो. स्वतः आजारी पडल्यावर सुताराकडून शवपेटी करून घेतो, बरा होतो आणि तिच्या झाकणावर आपलं गोंदण कोरत बसतो. तीच पेटी पुढे जहाजाची तरंगती बचावपेटी होते आणि तिच्यावरच इश्माएल जगतो. नायकाची कामं पाहिली तर ती क्वीक्वेगनं केली आहेत. फक्त कथा सांगणारा तो नाही, म्हणून आपण त्याला ‘सोबती’च्या खान्यात टाकतो.

फेदल्लाबद्दल मला मोकळेपणानं बोलायचंय, कारण इथे मराठी वाचकाला, त्यातही मुंबईच्या, काहीतरी ठामपणे खटकायला हवं. कादंबरी त्याला वारंवार ‘पारशी’ म्हणते. आता त्याचं वर्णन पाहा: चुरगळलेलं काळं चिनी जाकीट, डोक्यावर स्वतःच्याच पांढऱ्या केसांची वेणी घालून गुंडाळलेला फेटा, ओठातून बाहेर आलेला एक दात, आणि नाव अरबी वळणाचं. हा पारशी कुठल्याही अग्यारीच्या दारात ओळखला जाणार नाही. जरथुष्ट्री धर्मात अग्नी पवित्र आहे, तो अहुर मज्दाच्या प्रकाशाचं रूप म्हणून. माणसाचं काम अंग्र मैन्यूच्या दुष्टपणाशी लढण्याचं. त्या धर्माच्या माणसाला सैतानाचा हस्तक करणं म्हणजे अर्थ नेमका उलटा करणं. आणि मेलव्हिल लिहीत होता त्या काळात समुद्रावरचे खरे पारशी होते ते मुंबईच्या गोदीत. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईत आले आणि त्यांच्या घराण्यानं सागवानी जहाजं बांधली; १८१७ मध्ये बांधलेलं ‘ट्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमध्ये उभं आहे. कुशल, हिशेबी, प्रतिष्ठित माणसं. फेदल्ला हा पौर्वात्य गूढतेचा तयार साचा आहे, आणि या एका ठिकाणी मेलव्हिलनं साचा मोडायचे कष्ट घेतले नाहीत. उत्तरात हे स्पष्ट लिहा, भिऊ नका.

तरीही कथेत त्याचं काम मोठं आहे. ७३ व्या प्रकरणाच्या शेवटी तो असा उभा राहतो की त्याची सावली, असलीच तर, अहाबच्या सावलीत मिसळून तिला लांब करते. युंगची ‘छाया’ ही संज्ञा यायच्या कितीतरी आधी हे लिहून झालं होतं. फेदल्लाचं भाकीतही तसंच आहे: तू दोन तिरड्या पाहशील, एक माणसाच्या हातानं न बनलेली, दुसरी अमेरिकेतल्या लाकडाची, आणि तुला फक्त ताग मारू शकेल. अहाबला हे अमरत्वाचं वचन वाटतं. मग फेदल्लाचं प्रेत देवमाशाच्या अंगाला दोरांनी जखडलेलं दिसतं, पीक्वॉड जहाज बुडतं आणि हार्पूनचा तागाचा दोर अहाबच्या गळ्याला फास घालतो. वर मागून त्याच वरानं मरणारे दैत्य आपल्या पुराणांत ठायी ठायी आहेत, त्यामुळे ही रचना मराठी विद्यार्थ्याला समजावून सांगावी लागत नाही.

पिप म्हणजे लिअर राजाचा विदूषक, हे नोट्समध्ये असेल आणि ते बरोबरही आहे. मेलव्हिल शेक्सपिअर भारून जाऊन वाचत होता. पण विदूषक व्हायच्या आधी त्याच्यावर काय गुदरलं ते ९३ व्या प्रकरणात वाचा. हा काळा पोरगा भीतीनं होडीतून उडी मारतो. स्टब त्याला बजावतो की अलाबामात तुझी जी किंमत येईल तिच्या तीसपट देवमाशाची येते, तेव्हा पुन्हा उडी मारलीस तर थांबणार नाही. तो पुन्हा उडी मारतो. अफाट समुद्रात एकटा सोडला जातो, योगायोगानं वाचतो आणि त्यानंतर वेडा म्हणवला जातो. त्याच्या शहाणपणामागे गुलामांच्या बाजारातला भाव आहे. शेवटी अहाब त्याचा हात धरून त्याला आपल्या केबिनमध्ये ठेवतो, आणि मग म्हणतो की तुझ्यात असं काहीतरी आहे जे माझा रोग बरा करेल, आणि या शिकारीसाठी मला माझा रोगच हवाय. बरं होण्याची भीती वाटून एका पोराला दूर सारणारा माणूस ‘शोकांत नायक’ या दोन शब्दांत मावत नाही.

आता देवमासा. खलनायक म्हणू नका. ते अहाबचं मत आहे असं लिहा. मेलव्हिल स्वतः देवमाशाला एका अर्थावर टिकूच देत नाही. शरीर, चरबी, शेपटी, कातडी, तेल गाळायच्या भट्ट्या यांवर तो प्रकरणामागून प्रकरणं लिहितो, जी विद्यार्थी गाळतात. आणि ८२ व्या प्रकरणात तो चक्क आपल्या मत्स्यावताराकडे येतो: वेद पाण्याच्या तळाशी होते म्हणून विष्णूनं देवमाशाचं रूप घेऊन ते वर आणले. त्याआधी ५५ व्या प्रकरणात तो मत्स्यावताराचं शिल्प घारापुरीच्या लेण्यांत असल्याचं सांगतो. घारापुरी शैव लेणी आहेत. तिथे जाऊन आलेल्याला ही पुस्तकी माहिती आहे हे लगेच कळतं. पण त्यामागचा विचार पाहा. बायबलातल्या योनाला गिळणारा, वेद तारणारा, ‘एसेक्स’ बुडवणारा, घरोघरच्या दिव्यांत जळणारा, हे सगळं एकच जनावर. पांढऱ्या रंगावरच्या ४२ व्या प्रकरणात तर तो पांढरेपणाची भीती वाटते ती त्यात काही ठरावीक लिहिलेलं नाही म्हणून, इथपर्यंत येतो.

राहता राहिला इश्माएल. ‘साक्षी’ लिहा, पण पुढे ‘सामील साक्षी’ जोडा. ४१ व्या प्रकरणाच्या सुरुवातीलाच तो कबूल करतो की देवमाशाला मारण्याच्या शपथेच्या वेळी माझाही आवाज इतरांबरोबर चढला होता, अहाबचं वैर मला माझंच वाटलं. त्या शपथेतून तो सुटतो कसा? ९४ व्या प्रकरणात. देवमाशाच्या डोक्यातलं घट्ट तेल हातांनी कुस्करताना शेजाऱ्यांचे हात हाती लागतात आणि तो ती भयंकर शपथ विसरतो. कामामुळे, स्पर्शामुळे सुटतो, तत्त्वज्ञानामुळे नाही. एक माहिती इथे उपयोगी पडेल: ऑक्टोबर १८५१ मध्ये लंडनला निघालेल्या तीन खंडी आवृत्तीत उपसंहारच नव्हता, त्यामुळे सगळे बुडाले तर ही गोष्ट सांगितली कुणी, असं तिथल्या परीक्षकांनी विचारलं. नोव्हेंबरच्या न्यूयॉर्क आवृत्तीत तो आहे: शवपेटीवर तरंगणारा इश्माएल, आणि त्याला उचलणारं ‘राहेल’ जहाज. त्याच जहाजाचा कप्तान आपल्या हरवलेल्या बारा वर्षांच्या मुलाला शोधायला मदत मागत होता आणि अहाबनं वेळ जातो म्हणून नाकारली होती. ते जहाज अजून मुलालाच शोधत फिरत होतं, म्हणून तिथे पोचलं.

उत्तर लिहिताना तक्ता ठेवा, पण तिसरा रकाना जोडा: हा साचा कोणी लावला आणि कुठल्या प्रकरणात तो अपुरा पडला. वेळ कमी असेल तर ३६, ९३, ९९, १००, १२३, १२८ आणि १३२ ही सात प्रकरणं या आठवड्यात मूळ इंग्रजीतून, मोठ्यानं वाचा. ३७ ते ४० तर नाटकासारखीच लिहिली आहेत, रंगसूचनांसकट. ती दोघा-तिघांनी मिळून वाचली तर जास्त उलगडतात.